खापर फक्त पक्षांच्या गर्दीवर नको

महोदय,

'पक्षांची खिचडी झाली म्हणून जर्मनीत हिटलर आला' हे वाक्य निवडणुकीच्या दिवसांत हमखास कानावर पडते. वायमार प्रजासत्ताकात, म्हणजे हिटलरच्या आधीच्या लोकशाही जर्मनीत, पक्ष खंडीभर होते हे खरेच. साठ हजार मतांना एक जागा असा हिशेब असल्यावर दुसरे काय होणार! पण सगळे खापर त्यावर फोडणे मला पटत नाही.

मार्च १९३० मध्ये हर्मान म्युलर यांचे आघाडी सरकार पडले ते चिल्लर पक्षांमुळे नव्हे. बेकारी विम्याची वर्गणी ३.५ वरून ४ टक्के करायची की नाही, यावर सोशल डेमोक्रॅट आणि उद्योगपतींची जर्मन पीपल्स पार्टी हे सरकारातलेच दोन भागीदार अडून बसले. अर्ध्या टक्क्यासाठी! तेव्हा नाझींच्या जागा होत्या १२. पुढे नवे चॅन्सेलर (सरकारप्रमुख) ब्रुनिंग यांनी अध्यक्षांच्या अध्यादेशांवर कारभार हाकला आणि सप्टेंबरच्या निवडणुकीत १२ चे १०७ झाले.

शिवाय खुल्या निवडणुकीत हिटलरला बहुमत कधीच मिळाले नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझी १९६, सोशल डेमोक्रॅट १२१, कम्युनिस्ट १००. शेवटच्या दोघांची बेरीज करून पाहा, नाझींपेक्षा जास्त भरते. पण कम्युनिस्टांच्या लेखी सोशल डेमोक्रॅट हे 'सोशल फॅसिस्ट' होते! मार्च १९३३ मध्ये हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध मत दिले ते फक्त ९४ सोशल डेमोक्रॅटांनी. कॅथलिकांच्या सेंटर पक्षानेही होकार भरला. कम्युनिस्ट सभागृहात नव्हतेच. कोणी तुरुंगात, कोणी भूमिगत.

— एक वाचक, मिरज