तुझा फोटो मोजला

प्रिय दोस्ता,

तुझा फोटो पोचला. बोटीच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले मासे, मागे उन्हाने लालबुंद झालेला तू, आणि खाली एकच शब्द: "मोज!" मोजले. एकतीस. पहिल्यांदा मोजताना हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? दुसऱ्यांदा मोजले तेव्हा दिसलं की त्यातले नऊ वीतभरही नाहीत. फोनच करणार होतो, पण फोनवर आपण दोघंही आवाज चढवतो. म्हणून लिहितोय.

आधी माझं पाप सांगतो, म्हणजे हा उपदेश करायला बसलाय असं तुला वाटायला नको. तीन वर्षांपूर्वी आपल्याला माशांचा तो थवा सापडला होता, आठवतं? गळ पाण्यात पडायचा अवकाश, की दोरी ताठ. दोन तास आपण एकमेकांशी बोललोसुद्धा नाही. काढ, पेटीत टाक, पुन्हा आमिष लाव. "बस झालं आता," असं तूच म्हणालास. होय, तूच. आणि मी म्हणालो, "असा दिवस पुन्हा येतो का?" त्या माशांचं पुढे काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही. शेजारीपाजारी वाटून झाले, नातेवाईक झाले, उरलेले फ्रीजरमध्ये कोंबले. आठ महिन्यांनी फ्रीजर साफ करताना तळाशी सात-आठ निघाले, कडा वाळून पांढऱ्या पडलेले. अंधार पडल्यावर नेऊन टाकले. अंधाराची वाट का पाहिली, ते तू समजून घे.

तुझ्या फोटोवरून आणखी काही फोटो आठवले. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या 'की वेस्ट' बेटावर हौशी लोकांना घेऊन जाणाऱ्या बोटी संध्याकाळी परतल्या, की दिवसाचे सर्वांत मोठे मासे फळ्यांवर टांगून शेजारी उभं राहून फोटो काढायची जुनी रीत आहे. लॉरेन मॅक्लेनाहन या संशोधक बाईंनी 1956 ते 2007 मधले असे फोटो जमवले आणि त्यांतल्या माशांची मापं काढली. सुरुवातीला टांगलेल्या माशाचं सरासरी वजन जवळपास 20 किलो, शेवटी 2.3 किलो. आधीच्या फोटोंत माणसाएवढे ग्रूपर आणि शार्क, नंतरच्यांत हातभर स्नॅपर. बदललं नाही ते शेजारच्या माणसांचं हसू. 20 किलोवाला जेवढा खूश, तेवढाच 2 किलोवाला. डॅनिअल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने 1995 साली हेच मांडलं होतं: आपण समुद्रावर पहिल्यांदा गेलो तेव्हा जे पाहिलं, त्यालाच प्रत्येक पिढी 'पूर्वीचा भरलेला समुद्र' समजते. तू आणि मी 'पूर्वी कसले मासे मिळायचे' म्हणून हळहळतो ना, आपल्या आधीच्यांना तेसुद्धा चिल्लर वाटले असते.

आता तू ट्रॉलरचा, म्हणजे मोठं जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींचा विषय काढशील, मला माहीत आहे. "ते एका फेऱ्यात टनांनी उपसतात, आणि तू माझ्या गळाचे मासे मोजत बसलास!" निम्मं खरं आहे. 2002 सालच्या आकडेवारीवरून अमेरिकेतला एक अभ्यास झाला. किनाऱ्यावर आलेल्या एकूण समुद्री माशांत छंदवाल्यांचा वाटा फक्त 4 टक्के निघाला. तू इथेच थांबशील. पण ज्या माशांची स्थिती चिंतेची होती तेवढेच धरले तर तो 23 टक्क्यांवर गेला, आणि मेक्सिकोच्या आखातात 64 वर. ट्रॉलर बारक्या माशांचे डोंगर उपसतात. आपण मात्र जे मोठं, जे दुर्मीळ, ज्याचा फोटो चांगला येतो, नेमकं त्याच्याच मागे लागतो. शिवाय आपण एकटे कधीच नसतो. प्रत्येक बोटीवर एकेक 'मी एकटा किती पकडणार' बसलेला असतो.

आणि मोठा मासा म्हणजे पुष्कळ जातींत जुनी मादी. मी समजत होतो की दुप्पट वजन म्हणजे दुप्पट गाभोळी. हिशेब तसा चालत नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अटलांटिक कॉड या माशाचं उदाहरण आहे: 30 किलोची एक मादी 2 किलोच्या अठ्ठावीस माद्यांपेक्षा जास्त अंडी घालते. त्या अठ्ठावीस जणींचं वजन मिळून 56 किलो होतं, म्हणजे जवळजवळ दुप्पट! आपण मिशीला पीळ देत जिला उचलून धरतो, ती म्हणजे अख्खं पाळणाघर असते.

बारके सोडून द्यायचे म्हणशील, तर तेही वाटतं तितकं निर्मळ नाही. खोल पाण्यातून झरझर वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, कधी जठर तोंडातून बाहेर येतं. तो सोडला तरी खाली जाऊच शकत नाही. तरंगत राहतो आणि पक्ष्यांच्या तोंडी जातो. वजन लावून त्याला परत खोलवर पोचवायची साधनं मिळतात, पण थवा लागलेला असताना त्यासाठी कोण थांबतं? मी तर थांबलो नव्हतो.

युरोपात सी-बास हा मासा घटला तेव्हा 2015 साली छंदवाल्यांना माणशी दिवसाला तीनच मासे अशी मर्यादा घातली आणि किमान लांबी 36 वरून 42 सेंटिमीटर केली, कारण 36 च्या कित्येक माद्यांनी एकदाही अंडी घातलेली नसायची. पुढे मर्यादा आणखी आवळली. लोक चिडले. मीही चिडलो असतो.

गेल्या रविवारी एकटाच गेलो होतो. दोनच ठेवायचे असं ठरवून. सकाळी आठलाच दोन झाले. आणि मग रे, इतकं विचित्र वाटलं! गळ गुंडाळला, तरी हात शिवशिवत होते. घड्याळ पाहिलं, पाणी पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. तिकडे थोडं पलीकडे माशांनी पाणी उसळत होतं, तुला माहीत आहे मी कशाबद्दल बोलतोय. समुद्र मला आवडतो असं मी इतकी वर्षं सांगत आलो, आणि गळ न टाकता त्याच्याकडे अर्धा तास पाहत बसणं मला जमेना. शेवटी आमिषाचा डबा धुवायला काढला, हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

शनिवारी येतोय. छोटी पेटी आण, मोठी नको. मोजपट्टी आणि गोल वाकाचे गळ मी आणतो. ते बहुतेक वेळा माशाच्या जबड्यातच अडकतात, पोटात क्वचितच जातात, सोडताना बरे. दोनाचं बंधन तुला नको असेल तर तिथे भांडू, पण बोटीवर चढायच्या आधी.

आणि हो, त्या एकतीसांपैकी किती उरलेत ते कळव. टाकले असशील तर उजेडात टाकलेस की अंधारात, तेही.

तुझाच,
फ्रीजरवाला