मोटरहोमचं ॲव्हरेज: उभ्या गाडीचं डिझेल कुणी मोजायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘फिरतं घर’ या विषयावर पानभर लेख आला होता. फोटो झकास होते. त्यातलं एक वाक्य मात्र घशात अडकलं, म्हणून हे पत्र. लेखात म्हटलंय, की डिझेलवरची मोटरहोम ‘सहज १५ ते १८ चं ॲव्हरेज देते’. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढली. डिझेलचा हिशेब लिहून लिहून उजव्या हाताच्या मधल्या बोटाला घट्टा पडलाय. त्यामुळे ‘सहज’ हा शब्द डिझेलच्या शेजारी दिसला की मला राहवत नाही.

आमच्या घरात अशी गाडी आहे. मुलाने दोन वर्षांपूर्वी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, २०१८ची, म्हणजे बीएस फोर (धुराच्या जुन्या नियमांतली). बॉडीवाल्याकडून आत दोन बर्थ, ओटा, सिंक, १२० लिटरची पाण्याची टाकी आणि टपावर सोलर बसवून घेतलं. आरटीओत ‘मोटर कॅरॅव्हॅन’ म्हणून नोंद केली. गाडी विकणाऱ्यानेही पंधराच सांगितलं होतं. मी तेव्हाच म्हटलं होतं, “पंधरा देत असेल तर आधी मीटर तपास.” पोरगं हसलं.

पहिली मोठी सहल कोल्हापूर ते गणपतीपुळे. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा, निवळी असा नेहमीचा रस्ता. मुलगा, सून, नातू, आमची मंडळी आणि मी. एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी. परत आल्यावर मुलाने मोबाइलवर भागाकार केला आणि त्याचा चेहरा पडला: ७.८. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गॅरेजला गेला. गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतात ते) गेलेत, चारही काढून टेस्टिंगला पाठवू. आकडा असा सांगितला की पोरगं घरी येऊन जेवलंच नाही.

रात्री मी माझी वही काढली. जुनी सवय, गाडी कुणाचीही असो, पंपावर मी उतरतो. निघताना टाकी फुल्ल केली होती, पुळ्याच्या अलीकडच्या पंपावर पोचल्या पोचल्या पुन्हा फुल्ल, दुसऱ्या दिवशी निघताना त्याच पंपावर तिसऱ्यांदा आणि कोल्हापुरात पहिल्या पंपावर चौथ्यांदा. पंपावरचा पोरगा वैतागला होता. “काका, अकरा लिटरसाठी एवढी लाइन लावली?” म्हणाला.

वहीत असं होतं. जाताना १३८ किलोमीटर, ११.४ लिटर, म्हणजे १२.१. येताना तेच १३८ किलोमीटर, १४.३ लिटर, म्हणजे ९.७ सुद्धा नाही. गाडी तीच, डायव्हर तोच, रस्ताही तोच. फरक कशाचा? कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, पुळं समुद्राच्या काठावर. पावणेचार टनांची गाडी साडेपाचशे मीटर वर उचलायची, तर नुसत्या उचलण्याचं डिझेलच दीड-पावणेदोन लिटर होतं. त्यात कुणाचा दोष नाही, इंजेक्टरचा तर नाहीच. कोकणात उतरून ‘बाराचं पडलं’ म्हणून स्टेटस टाकणाऱ्याने घाट चढून घरी आल्यावर बोलावं.

दोन्ही बाजू धरल्या तर २७६ किलोमीटरला २५.७ लिटर, म्हणजे १०.७. (१२.१ आणि ९.७ यांची बेरीज करून दोनाने भागू नका, उत्तर जरा फुगतं. किलोमीटरची बेरीज आणि लिटरची बेरीज वेगळी करायची आणि मग भागायचं. वर्कशॉपात नवीन क्लार्क आला की पहिल्या महिन्यात हीच चूक करायचा.) तर १०.७ची गाडी ७.८वर कशी आली? मधल्या रात्री.

त्या रात्री आम्ही एका लॉजच्या आवारात गाडी लावली होती. पार्किंगचे पैसे वेगळे घेतले. बॉडीवाल्याने गाडीत घरगुती एक टनाचा एसी बसवला आहे, पण त्याला बाहेरून वीज लागते. मालक म्हणाला, प्लग मिळणार नाही, मीटर पडतं. पडेल तेवढ्या युनिटचे पैसे देतो म्हटलं, तरी नाही. मे महिना, समुद्राची दमट हवा, नातवाच्या अंगावर घामोळं. मग मुलाने इंजिन चालू करून गाडीचाच एसी लावला. रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा, नऊ तास. सकाळी त्याच पंपावर १२.१ लिटर डिझेल बसलं. पंप ते लॉज जाऊन-येऊन १८ किलोमीटर, त्याचं दीड लिटर धरा. बाकीचं साडेदहा लिटर गाडीने एक फूटही न हलता पिऊन टाकलं. कोल्हापूरहून पुळ्याला यायला लागलं साडेअकरा लिटर, आणि झोपायला लागलं साडेदहा!

हे मुलाला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, “म्हणजे इंजेक्टर नाहीत?” नाहीत. इंजेक्टर अजून तेच आहेत आणि गाडी झक्क चालते.

इथे थोडं थांबून सांगतो, डिझेल गेलं ते गेलं, पण आम्ही त्या रात्री केलं ते साफ चूक होतं. उभ्या गाडीत इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून, काचा लावून झोपू नये. २०२४च्या डिसेंबरात केरळात वडकऱ्याला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये झोपलेले दोघे कार्बन मोनॉक्साइडने गेले. तो वायू दिसत नाही, वास येत नाही. मी आयुष्यभर इंजिनाशेजारी राबलेला माणूस, आणि नातवाला गार वाटावं म्हणून मीच गप्प बसलो, याची लाज वाटते. आणि ज्यांची गाडी बीएस सिक्स आहे त्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: उभ्या इंजिनात काजळी जास्त धरते आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) ती जाळायला पुन्हा डिझेलच मागतो.

आता चालत्या गाडीचं. लोक वजनाचा बागुलबुवा करतात. टाकीतलं पाणी ओतून टाका, गादी काढा, तवा घरी ठेवा. मीही आधी तेच म्हणायचो. शिरोलीच्या वजनकाट्यावर गाडी घातली तेव्हा रिकामी ३,२४० किलो भरली आणि माणसं, पाणी, गॅस, सामान धरून ३,८९०. साडेसहाशे किलो वाढले, कमी नाहीत. पण हिशेब केला तर शंभर किलोमागे पुळ्यापर्यंतच्या एका खेपेला जेमतेम दीडशे मिलीलिटर पडतं, एक चहाचा ग्लास. वजन टायरसाठी, ब्रेकसाठी, घाटातल्या जिवासाठी बघा, जरूर बघा. डिझेलसाठी आमच्या मंडळींची पितळेची परात गाडीतून उतरवायला गेलो होतो, ती मी मुकाट्याने परत ठेवली.

खरा चोर म्हणजे वारा. मोटरहोमचं तोंड म्हणजे उभं गोदरेजचं कपाट, वर टपावर सोलर, कॅरिअर आणि त्या कॅरिअरवर बांधलेली सायकल. वेग वाढला की वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. साठचे नव्वद केले तर रेटा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. मुलाला हे पटेना. मग दोन महिन्यांत पुण्याला दोनदा जाणं झालं, तेव्हा परीक्षा घेतली. कोल्हापूर ते पुणे २३० किलोमीटर, दोन्ही वेळा पहाटे निघालो, वाटेत खंबाटकी घाट दोन्ही वेळा सारखाच. पहिल्यांदा मी शेजारी बसून काटा ६५च्या पुढे जाऊ दिला नाही: १८.५ लिटर. दुसऱ्यांदा त्याच्या मनासारखं, जमेल तिथे नव्वद: २५.३ लिटर. पावणेसात लिटर जास्त, म्हणजे आजच्या भावाने सहाशे रुपये. वाचलेला वेळ पन्नास मिनिटं. पन्नास मिनिटांची सहाशे रुपये किंमत योग्य की अयोग्य, हे ज्याचं त्याने ठरवावं. मुलाचं म्हणणं, कधी कधी योग्य असते. असेल बाबा. त्याला नोकरी आहे, मला पेन्शन.

घाट उतरताना न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे महाभाग अजून भेटतात. आमच्या डेपोतही होते. आताच्या सीआरडीआय (कॉम्प्युटरने मोजून डिझेल सोडणाऱ्या) इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल बंदच होतं. चाकं इंजिन फिरवतात. न्यूट्रल मारलंत की इंजिनाला चालू राहायला पुन्हा डिझेल पाजावं लागतं. म्हणजे ब्रेकवर सगळा भार आणि वर डिझेलही गेलं. आंबा घाटात पावणेचार टन घेऊन हा प्रयोग करू नये.

आपल्या लेखात अमेरिकेतल्या मोठ्या मोटरहोमचं ॲव्हरेज ‘आठ’ दिलंय आणि ‘आपल्या गाड्यांपेक्षा फार कमी नाही’ असं पुढे म्हटलंय. हे आठ म्हणजे गॅलनला आठ मैल. अमेरिकेचा गॅलन पावणेचार लिटरच्या जरा वर, मैल म्हणजे १.६ किलोमीटर. हिशेब केला तर लिटरला ३.४ किलोमीटर येतात! त्या गाड्या बसएवढ्या, इंजिन मागे, आणि वजन बारा-पंधरा टन. त्या मानाने ३.४ वाईट नाही. आमची लालपरी लोड घेऊन साडेचारच्या आसपास द्यायची. एसटीत आम्ही लिटरवर बोलतच नसू, दहा लिटरला किती किलोमीटर असं धरायचो, केपीटीएल म्हणतात त्याला. पंचेचाळीसवर आली की शाबासकी, चाळिसावर घसरली की गाडी पिटवर. आणि इंग्लंडचा गॅलन पुन्हा वेगळा, साडेचार लिटरचा. तिथला भाचा ‘तीसचं पडतं’ म्हणाला की इथल्यांनी हुरळून जाऊ नये, ते आपले साडेदहा झाले.

मला विचाराल तर जर्मन लोकांची रीत शहाणपणाची: शंभर किलोमीटरला किती लिटर. आपल्या पद्धतीत आठाचे दहा झाले काय आणि चौदाचे सोळा झाले काय, दोन्हीकडे ‘दोनने वाढलं’ असंच वाटतं. प्रत्यक्षात आठाचे दहा झाले तर शंभर किलोमीटरला अडीच लिटर वाचतात, चौदाचे सोळा झाले तर एक लिटरही नाही. मोटरहोमवाल्यांचा सगळा खेळ आठ ते बारामध्येच आहे, म्हणून त्यांनी तरी लिटरमध्ये विचार करावा.

माझी मागणी साधी आहे. राज्य सरकारने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या वाढताहेत, पण किनाऱ्यावर, घाटमाथ्यावर रात्री गाडी लावायची तर विजेचा प्लग मिळत नाही. एक टनाचा एसी रात्रभरात सात-आठ युनिट खातो. साडेदहा लिटर डिझेलचे साडेनऊशे रुपये एकीकडे, आठ युनिट दुसरीकडे. पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा एक प्लग आणि एक सबमीटर बसवायला लॉजवाल्याला किती खर्च येतो? वाटलं तर युनिटला पंचवीस रुपये लावा, आम्ही आनंदाने देऊ. पर्यटन खात्याने पार्किंगच्या परवानगीत ही अट घालावी, एवढंच.

दिवाळीनंतर आम्ही मालवणकडे गेलो. तिथे एका खानावळीच्या बाईंनी काहीही न विचारता स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडली. सकाळी मी मीटर बघून ‘सात युनिट’ म्हटलं, तर त्यांनी दीडशे रुपये घेतले आणि नातवाच्या हातात कोकम सरबताचा ग्लास दिला. त्या रात्रीच्या रकान्यात डिझेल शून्य आहे.

वहीच्या दोन पानांची झेरॉक्स सोबत जोडतो आहे. पुढच्या लेखासाठी उपयोग झाला तर बघावं. दुसऱ्या पानावर खाली जो डाग दिसतो तो सरबताचा आहे, डिझेलचा नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी कर्मचारी, कोल्हापूर