तुझा रेडिओ सापडला

प्रिय बंड्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. माझी शुगर होती तिथेच आहे, गुडघा पावसात कुरकुरतो, आई ठीक. गणपतीनंतर माझा फोन नाही, तुझाही नाही, तेव्हा फिट्टंफाट.

लिहायला बसलो कारण अण्णांनी दुकान बंद केलं. नातू तिथे मोबाइलची कव्हरं विकणार. परवा मला बोलावून माळ्यावरचं खोकं पुढ्यात ठेवलं, दुरुस्तीला टाकून कोणी नेलेच नाहीत असले रेडिओ. त्यात तुझा! चामड्याचं कव्हर बुरशीने पांढरंफटक, पण सुतळीला बांधलेली चिठ्ठी शाबूत. तुझं नाव आणि खाली अण्णांच्या अक्षरात "रॉड तुटला, डायलची दोरी, पडलेला". रॉड म्हणजे आतली एरियलची काळी कांडी. आणि पडलेला म्हणे! ५ नोव्हेंबर १९८७, वानखेडे, वर्ल्डकपची सेमीफायनल, इंग्लंडच्या गूचने स्वीप मारमारून ११५ काढले, आपण ३५ रनांनी हरलो आणि तू तो ओटीवरून अंगणात भिरकावलास मेल्या. आणि आजवर नाव माझं सांगतोयस, वहिनींनासुद्धा. हे पत्र त्यांना वाचायला दे.

अण्णांनी दुसऱ्या सेटमधला रॉड काढून बसवला, दोरी ओवली, सेल घातले. नुसती घरघर. मला वाटलं गेला, तर अण्णा नातवाला म्हणाले तो चार्जर काढ आधी भिंतीतला. काढला, वरचा एलईडी बंद केला, आणि एक बाई बोलायला लागली. सेट आडवा फिरवला की बुडायची, सरळ केला की वर यायची, तसंच तुझ्या ओटीवर व्हायचं बघ. रात्री घरी लावला तर अरबी, एकावर एक दोन-दोन स्टेशनं. आई म्हणाली बंड्याचा भाऊ दुबईहून बोलतोय काय रे.

आता खरं सांगतो, त्या दिवसापासून डोक्यात हेच आहे. प्रसार भारती देशभरातले मीडियम वेव्हचे, म्हणजे तुझा हा सेट ज्यावर चालतो त्या लहरींचे, ट्रान्समीटर एकेक करून बंद करत आलीय, भर एफएमवर आणि मोबाइलच्या ॲपवर. कारणं खोटी नाहीत, वीज खूप खातात, जुने पार्ट मिळत नाहीत, आणि सेट उरलेत कोणाकडे, तर अण्णांच्या खोक्यात. पण आपल्या किनाऱ्याचं काय? मीडियम वेव्ह जमिनीला धरून चालते, खारं पाणी लागलं की आणखी लांब जाते, म्हणून तर ११४३ किलोहर्ट्झवरचं आकाशवाणी रत्नागिरी होडीत बसून ऐकू यायचं. एफएम जातो सरळ रेषेत, मध्ये डोंगर आला की खल्लास. आपली अर्धी वाडी सड्याच्या, त्या कातळाच्या पठाराच्या, पोटात, खाडीपलीकडची तर पूर्णच. डिजिटल रेडिओ म्हणतात तो डीआरएम मीडियम वेव्हवरही चालतो, पण त्याचा सेट काही गाड्या सोडल्या तर कोणाकडे बघितलायस?

नानाचा पोरगा तांडेल झालाय, बोट चालवतो, तो हसतो मला. काका, बोटीवर व्हीएचएफ आहे, बोलायचा वायरलेस, निघायच्या आधी व्हॉट्सॲपवर इशारा येतो. बरोबर आहे त्याचं. पण लहान होडीवाल्याकडे कुठला व्हीएचएफ, आणि किनारा दिसेनासा झाला की मोबाइल मेलाच. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं, २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण बुडालं, दोन्ही वेळा लाइट गेली, फोन गेले. ॲप कुठे उघडणार होतास?

त्याहून मोठी भीती वेगळीच. ट्रान्समीटर राहिला आणि त्यावर दिवसभर मुंबई-दिल्लीचंच लागलं तर? रेडिओ चालू आणि आपण बंद. आकाशवाणीच्या युववाणीला, त्या तरुणांच्या कार्यक्रमात, तू ते नाट्यछटेचं ध्यान वाचलं होतंस, "समुद्र" म्हणताना घसा बसला आणि बाहेर आल्यावर मला म्हणालास तू हसवलंस. (मी हसवलं नव्हतं.) ते वाईट होतं रे, फारच वाईट. पण दुसऱ्या दिवशी बाजारात मासेवालीने तुला ओळखलं होतं आवाजावरून. यूट्यूबवर लाख लोक ऐकतील, पण ती ऐकेल का, असं मला वाटत राहतं.

आता गंमत ऐक. हायस्कूलच्या संस्थेला कम्युनिटी रेडिओ काढायचाय. २००६ पासून संस्थांनाही परवानगी मिळते, छोट्या ताकदीचा ट्रान्समीटर. स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, पण हवामान, पाणी कधी येणार, लाइट कधी जाणार हे चालतं. मला कमिटीत घेतायत. अडचण म्हणजे तोही एफएमच, मास्ट, म्हणजे ॲंटेनाचा खांब, सड्यावर उभा केला तर वाडीला लागेल पण पैसे कोण देणार, आणि शाळेच्या गच्चीवर लावला तर हेडमास्तर आणि बसस्टँड सोडून कोणी ऐकायचं नाही. मी म्हटलं सड्यावरच, नाहीतर नकोच. सगळे गप्प. बाबल्या म्हणाला आधी सुरू तर करूया. तुला त्यांचं ते "सुरू तर करूया" माहिती आहे, वाचनालयाचं काय झालं बघितलंयस. तुझं काय म्हणणं? सड्यासाठी भांडू की गच्चीवर सही करून मोकळा होऊ? तू ऑफिसात मास्टची टेंडरं काढायचास ना, साधारण खर्च काय येतो तेवढं कळव, रविवारी मीटिंग आहे.

मुलीच्या लग्नाचं कळलं, छान झालं, पोरगा दिसायला बरा आहे. रिटायरमेंटनंतर पुण्यात काय करतोस ते मात्र सविस्तर लिही.

तुझा,
बाब्या

ता.क. एसटीच्या पार्सलने आमसुलं आणि फणसपोळी पाठवतोय. रेडिओ पाठवत नाही.