दौतीतला बोळा

संपादक साहेब, स. न.

परवा बाळीवेशीतलं आमचं जुनं घर आवरताना माळ्यावर आजोबांची काचेची दौत आणि दोन बोरू सापडले, दौतीत वाळलेल्या चिंधीचा बोळा तसाच होता, मुलगी म्हणाली टाकून द्या, पण मी नाही टाकली.

कारण दौत, कलम हे शब्दच अरबीतून आलेत आणि हा बोळासुद्धा तिकडच्या लेखनिकांचीच पद्धत, ते दौतीत रेशमाचा किंवा कापसाचा पुंजका ठेवायचे, म्हणजे बोरूला बेताचीच शाई लागते आणि कलंडली तरी सांडत नाही. शाई काजळी आणि डिंकाची. काचही साधी नव्हे, वाळूत खाऱ्या वनस्पतींची राख घालून वितळवायची, आणि फुटकी काचसुद्धा वाया जात नसे, तुर्कस्तानजवळ १०२५ च्या सुमारास बुडालेल्या जहाजात पुन्हा वितळवायला नेलेली जवळपास ३ टन काच मिळाली. १३व्या-१४व्या शतकातले सिरिया-इजिप्तचे मीनाकारीचे काचदिवे तर बघतच राहावेत असे!

भुईकोट किल्ल्यावरचे फारसी शिलालेख बघायला आपण पोरांना नेतो, मग लिहिण्याच्या या वस्तूंवर तुमच्या रविवार पुरवणीत एक पान द्या ना, आमची दौत फोटोसाठी मी स्वतः घेऊन येईन.

– एक वाचक, सोलापूर