पहिल्या २४ तासांची लस

महोदय,

२८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस (यकृतदाह) दिन अमेरिकी शास्त्रज्ञ बारूख ब्लुमबर्ग यांच्या जन्मदिवशी पाळला जातो. त्यांचा मूळ शोध यकृताचा नव्हताच. वारंवार दुसऱ्यांचे रक्त चढवलेल्या रुग्णांच्या रक्तात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे बनतात, म्हणून अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या थरात मधल्या खड्ड्यात त्यांचा रक्तद्रव आणि भोवती ठिकठिकाणच्या लोकांचे नमुने, अशी चाचणी ते करीत. हिमोफिलियाच्या (रक्त न गोठण्याच्या विकाराच्या) एका रुग्णाचा द्रव आणि ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीचा नमुना यांच्यामध्ये रेघ उमटली, म्हणजे प्रतिपिंडांना त्यांचे प्रथिन सापडले. हेच 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' (१९६५), म्हणजे हिपॅटायटिस-बी विषाणूच्या आवरणाचे प्रथिन. पुढे वाहकांच्या (विषाणू अंगात बाळगणाऱ्यांच्या) रक्तातून तेच वेगळे काढून लस निघाली. १९७६मध्ये ब्लुमबर्ग यांना नोबेल मिळाले. या विषाणूचे यकृताच्या कर्करोगाशी नाते पक्के केले ते मात्र अमेरिकी डॉक्टर पामर बीझली यांनी, तैवानमधील २२,७०७ पुरुषांवर नजर ठेवून.

आपल्याकडे घोडे अडते ते या लशीच्या पहिल्या डोसपाशी. ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, जन्मानंतर २४ तासांत. सहाव्या आठवड्यातली पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) त्याची भरपाई करीत नाही. जन्मावेळी लागण झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांत विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो. लस २ ते ८ अंशांत हवी. गोठली तर तिच्यातील ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या गुठळ्या होऊन ती निकामी होते. एका बाळासाठी दहा डोसांची कुपी फोडायला कर्मचारी कचरतात, हे तर अनाकलनीय! उघडलेली कुपी नियमांप्रमाणे नीट ठेवल्यास २८ दिवस वापरता येते.

– एक वाचक, सातारा