चौथी 'ब'च्या चित्रकलेच्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

शाल-श्रीफळाचं नाव काढलं की तुम्ही चप्पल शोधायला लागता, म्हणून हे आभार सगळ्यांदेखत, पण लेखी. वाचून रागवाल, तर खुशाल रागवा.

आमच्या शाळेत चित्रकला शिक्षकाची जागा रिकामी आहे. त्यामुळे चौथीचा चित्रकलेचा तास वर्गशिक्षिकेच्या, म्हणजे माझ्या गळ्यात. या तासाचं काय होतं ते प्राथमिकच्या कुठल्याही बाईंना विचारा. राहिलेलं गणित त्यात जातं, नाहीतर फळ्यावर दोन डोंगर, मधून सूर्य, वळणाची नदी, काठाला कौलारू घर. ऐरोलीच्या सेक्टरांत कौलारू घर औषधालाही सापडायचं नाही, पण मुलं बिनचूक तेच काढतात.

निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून तुम्ही गुरुवारचा शेवटचा तास मागून घेतलात, तोही मानधनाचा विषय न काढता. आल्या आल्या फळा पुसलात आणि टेबलावर काचेची मोठी बरणी ठेवलीत. आत दिवा कोळीवाड्याच्या जेट्टीवरून आणलेलं खाडीचं पाणी, तळाला गाळ.

"खाडीचा रंग कोणता?"

"निळाऽऽ!" अख्खा वर्ग.

"बरणीत कुठे आहे निळा, दाखवा बरं."

मग जी झुंबड उडाली! कुणी म्हणे हिरवट, कुणी म्हणे चहाच्या गाळणीखालचा रंग, आणि प्रत्येकाला तुमचा एकच प्रश्न, "कशावरून?" रंग दिलेत ते फक्त लाल, पिवळा, निळा आणि पांढरा. काळ्या नि तपकिरी बाटल्या मुद्दाम पिशवीतच ठेवल्यात. दिसतोय तो रंग ज्याने त्याने बनवायचा. अर्ध्या वर्गाचं जांभळं झालं. मागच्या बाकावरून मी "अरे, पिवळा वाढव" म्हणणार, तेवढ्यात तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की शब्द घशातच राहिले.

पुढच्या गुरुवारी गाळच रंग म्हणून वापरला. हातात पिशव्या घालून, जाड कागदावर, ओला काळाभोर चिखल. वास असा की शेजारच्या वर्गाने खिडक्या लावून घेतल्या. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपतो न संपतो तोच ओरडा, "बाई, रंग उडाला!" खरंच, काळी चित्रं राखाडी-तपकिरी झाली होती. तुम्हाला फोन केला तर म्हणालात, "सांगू नका काही, त्यांनाच विचारा." विचारलं. वर्गात कधी तोंड न उघडणारा कोळीवाड्यातला मुलगा उभा राहिला. म्हणाला, वरचा चिखल असाच असतो, पाय रुतला की आतला काळा निघतो, तिथेच निवट्यांची, म्हणजे चिखलात राहणाऱ्या छोट्या माशांची बिळं. मग तो अर्धा तास निवट्यांवर बोलला आणि बाकीचे ऐकत राहिले. चिखलात हवा पोचत नाही, तिथले जिवाणू गंधकाची संयुगं तयार करतात, त्यानेच सडक्या अंड्यांसारखा वास येतो. लोहाशी मिळून त्याचाच काळा रंग होतो आणि हवा लागली की तो पालटतो, हे आम्ही त्यानंतर शोधून वाचलं. चित्रकलेच्या तासाला विज्ञान असं आपल्या पायांनी चालत आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

रोहित पक्ष्यांचं तर काय सांगू! ठाणे खाडीतलं त्यांचं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, हे आमच्या पोरांना पाठ. नवी मुंबईत भिंतीभिंतींवर तो पक्षी रंगवलेला, त्यामुळे चित्रही पाठ : गुलाबी गोळा, खाली दोन काड्या. तुम्ही स्मार्ट बोर्डावर एकच फोटो लावलात आणि बराच वेळ नुसतं बघायला लावलंत. शेवटी एक मुलगी म्हणाली, "ह्याचा गुडघा उलटा का?" तुम्ही उत्तर देण्याऐवजी सगळ्यांना चवड्यांवर उभं केलंत आणि शेजाऱ्याचा पाय बाजूने काढायला सांगितलात. कागदावर टाच वर गेली, तिथेच कोन झाला, आणि दोघी-तिघी एकदम ओरडल्या, "बाई, तो गुडघा नाहीच, टाच आहे!" खरा गुडघा वर, पिसांत लपलेला. त्या दिवशीची रोहितची चित्रं अजून वर्गात टांगलेली आहेत. दोन राखाडी आहेत, कारण ती पिल्लं आहेत. गुलाबी रंग मोठेपणी खाण्यातून येतो, हे त्यांना आता ठाऊक आहे.

मध्ये एका प्रशिक्षणात संग्रहालयातले कलाशिक्षक फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन यांच्या पद्धतीविषयी ऐकलं. चित्रासमोर मुलांना तीनच प्रश्न : चित्रात काय चाललंय, असं कशावरून म्हणतोस, आणखी काय दिसतंय. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "नावं पहिल्यांदाच ऐकतेय, पण माणसं शहाणी दिसतात." लगेच वारलीतल्या तारपा नाचावर हेच तीन प्रश्न लावूनही पाहिलेत.

सगळ्यात अवघड तास मात्र पालकसभेचा झाला. "गणवेशावर चिखल, आणि वहीत एक धड चित्र नाही. पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला कसं होणार?" प्रश्न चुकीचा नव्हता, दहावीच्या वाढीव गुणांवर सगळ्यांचा डोळा असतो. तुम्ही वाद घातला नाहीत. चित्रकलेच्या त्या सरकारी परीक्षांना मुलं बसवण्यात तुमची उभी हयात गेलेली. तुम्ही पिशवीतून पितळी तांब्या काढलात, टेबलावर ठेवलात आणि पालकांनाच कागद दिलेत. बहुतेकांच्या तांब्याचं तोंड गोल आणि बूड सपाट रेघेचं. "समोरून, जरा वरून बघताय, तर तोंड लंबगोल दिसतंय ना? मग बूड सरळ कसं? वस्तुचित्राच्या पेपरात इथेच गुण जातात. आम्ही चौथीत बघायचीच तयारी करतोय." पुढच्या गुरुवारी चिखलाला जुने शर्ट न मागता आले.

एक उपकार कुणाच्या लक्षात येणार नाही, म्हणून मीच सांगते. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींत आम्ही सगळे "चित्रे सुबक काढतो", "रंगसंगती चांगली" असं पानंच्या पानं उतरवतो. तुम्ही म्हणालात, मुलाने काय विचारलं ते लिहा. आता माझ्या वहीत आहे, "सावली भिंतीवर चढताना मोडते का?" चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचा प्रश्न पकडणं जमत नाही, काही पानं कोरी राहतात. पण जी भरली आहेत ती वाचून मला पोर डोळ्यांसमोर दिसतं.

जूनमध्ये नवी चौथी येते आहे. बरण्या धुऊन कपाटात ठेवल्या आहेत, तांब्या मात्र मी परत करणार नाही. आणि पाचवीच्या बाईंनी तुमचा नंबर मागितला आहे. तुम्हाला न विचारता दिला.

आपली,
चौथी 'ब'ची वर्गशिक्षिका
ऐरोली, नवी मुंबई