हरला तरी आपलाच संघ

लिंकन, नेब्रास्का
दि. २५ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप तात्यांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपले पत्र आणि विसर्जन मिरवणुकीची छायाचित्रे मिळाली. पत्राच्या शेवटी आपण जो प्रश्न विचारला आहे, त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत उरकणे मला बरे वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आपण विचारता की, अमेरिकेतल्या तुझ्या नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल संघ वर्षानुवर्षे हरतो असे तूच सांगतेस आणि तरी मैदान दरवेळी भरते असेही तूच सांगतेस, मग ही माणसे तिथे जातात तरी कशासाठी? आपण पन्नास वर्षे कोल्हापुरात पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघामागे उभे राहिलेले आहात, तेव्हा या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्यापाशी आहेच. उरलेले निम्मे मी इथे राहून जे पाहिले आणि वाचले त्यातून देण्याचा प्रयत्न करते.

आधी खेळाविषयी थोडेसे, कारण हा शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल नव्हे. इथला चेंडू लंबगोल असतो, तो हातात घेऊन पळायचे किंवा साथीदाराकडे फेकायचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले तरच चेंडू आपल्याकडे राहतो. मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाऊन होतो, त्याचे सहा गुण मिळतात. त्यानंतर एक जादा संधी असते: लाथेने चेंडू दोन खांबांच्या मधून मारला तर एक गुण, आणि तो पुन्हा पट्ट्यात नेऊन दाखवला तर दोन. लाथेचा एक गुण बहुतेक हमखास मिळतो, दोन गुणांचा प्रयत्न मात्र धोक्याचा असतो. एवढे ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

नेब्रास्काची लोकसंख्या जेमतेम वीस लाख, म्हणजे आपल्या एका कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण निम्मी, आणि भूमी मात्र महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन-तृतीयांश. मैलोगणती मका, सोयाबीन आणि गुरांची कुरणे. मोठ्या व्यावसायिक साखळीत खेळणारा एकही संघ या राज्यात नाही. नेब्रास्का १८६७ साली राज्य झाले आणि दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, त्याने आपले विद्यापीठ काढले. शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या मुलांना शेती व यंत्रविद्या शिकवण्यासाठी सरकारी जमिनी देणारा जो कायदा १८६२ मध्ये झाला होता, त्याच्या आधारावर ते उभे राहिले. त्यामुळे ज्या शेतकऱ्याने विद्यापीठाची पायरीही कधी चढलेली नाही, तोसुद्धा त्याला 'आमचे' म्हणतो, आणि तसे म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, असे मला वाटते. त्याच्या शेतातल्या मातीची तपासणी, बियाण्याची चाचणी, पाण्याचे वेळापत्रक हे सारे याच विद्यापीठाने केलेले असते. मी स्वतः ज्या विभागात काम करते तिथे रोज असे शेतकरी येतात. त्यांच्या डोक्यावर संघाच्या रंगाची लाल टोपी असते, आणि नमस्कार करावा तसे ते 'गो बिग रेड' ही संघाची घोषणा म्हणतात. संघाचे नाव कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसे सोलणारे. शेतकऱ्यांच्या राज्याला याहून साजेसे नाव सुचले नसते.

मेमोरियल स्टेडियम हे मैदान १९२३ साली युद्धात कामी आलेल्या नेब्रास्कातील जवानांच्या स्मरणार्थ बांधले गेले. आज त्यात पंच्याऐंशी हजारांच्या आसपास माणसे बसतात, आणि सामन्याच्या दिवशी ओमाहा आणि लिंकन या दोन शहरांनंतर राज्यातली सर्वांत मोठी वस्ती त्या मैदानातच असते. इमारतीच्या कोपऱ्यांवर कोरण्यासाठी मजकूर लिहून देण्याचे काम इथले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हार्टली बर अलेक्झांडर यांच्याकडे होते. त्यांनी एका कोपऱ्यासाठी लिहिले: 'विजय नव्हे, कृती, ध्येय नव्हे, खेळ, करण्यातच गौरव.' आपण रोज सकाळी ज्ञानेश्वरी वाचता, तेव्हा या ओळींवर मी भाष्य करण्याचे कारण नाही. आवर्जून सांगायचे ते एवढेच की, इथे त्या ओळी केवळ दगडावर राहिलेल्या नाहीत, आणि त्याचा पुरावा म्हणून इथले लोक आजही एक जुना सामना सांगतात.

२ जानेवारी १९८४ ची ती रात्र. प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांचा संघ त्या हंगामात एकही सामना न हरता मायामी शहरात मायामी विद्यापीठाविरुद्ध हंगामातल्या शेवटच्या सामन्याला उतरला होता आणि क्रमवारीत पहिला होता. तिसऱ्या सत्रात तो ३१-१७ असा मागे पडला, तिथून झुंजत आला, आणि शेवटचे मिनिटही उरलेले नसताना गुणफलक ३१-३० झाला. त्या काळी जादा वेळ नव्हती. लाथेने एक गुण घेतला असता तर सामना बरोबरीत सुटला असता आणि राष्ट्रीय विजेतेपद बहुधा नेब्रास्काकडेच आले असते. ऑस्बर्न यांनी बरोबरीवर विजेतेपद घेण्याचे नाकारले आणि दोन गुणांसाठी संघ उभा केला. टर्नर गिलने फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाताला लागून खाली पडला. विजेतेपद मायामीला गेले. आपण तिथे असता तर काय म्हणाला असता हे मला ठाऊक आहे, कारण लढून हरलेल्या गड्याची पाठ थोपटताना मी आपल्याला लहानपणापासून पाहिले आहे. ऑस्बर्न यांना पुढे दहा हंगाम थांबावे लागले, आणि १ जानेवारी १९९५ ला त्याच मैदानावर त्याच मायामीला २४-१७ असे हरवून त्यांनी पहिले विजेतेपद मिळवले. त्यानंतर आणखी दोन आली. पण तात्या, इथली वडीलधारी माणसे त्या तीन विजयांइतक्याच, किंबहुना त्याहून अधिक, अभिमानाने त्या एका पराभवाविषयी बोलतात.

निष्ठेचे दुसरे मूळ म्हणजे गावोगावची मुले. शिष्यवृत्ती नसताना, स्वतःच्या खर्चाने, केवळ संघात जागा मिळेल या आशेवर सरावाला येणाऱ्या मुलांना इथे 'वॉक-ऑन' म्हणतात. ही प्रथा इतर विद्यापीठांतही आहे, परंतु ऑस्बर्न यांच्या काळात नेब्रास्काने ती जितकी जोपासली तितकी क्वचितच कुणी जोपासली असेल. पाचशे वस्तीच्या गावातला, गुरे सांभाळून शाळा शिकलेला मुलगा चार वर्षे सराव करतो आणि एखाद्या दुपारी त्याच लाल पोशाखात मैदानात उतरतो, तेव्हा त्या गावाला वेगळ्या निमंत्रणाची गरज उरत नाही. राज्याच्या पश्चिम टोकाहून सहाशेहून अधिक किलोमीटर गाडी हाकत लोक येतात आणि रात्रीतून परत जातात, कारण सकाळी गुरांना वैरण घालायची असते.

आता या शुक्रवारचे सांगते. ३ नोव्हेंबर १९६२ पासून या मैदानावरील प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली आहेत, आणि २० सप्टेंबरचा इलिनॉयविरुद्धचा सामना हा त्या मालिकेतला चारशेवा होता. आमच्या विभागातील एका प्राध्यापकांनी मला आपले तिकीट दिले, म्हणून मी विद्यार्थ्यांच्या गर्दीत न बसता जुन्या तिकीटधारकांमध्ये बसले. शेजारी एक वृद्ध शेतकरी जोडपे होते. आजोबांच्या कानात छोट्या रेडिओची नळी होती, मांडीवर आखीव वही होती, आणि प्रत्येक प्रयत्नानंतर चेंडू किती यार्ड सरकला हे ते शिसपेन्सिलीने त्या वहीत टिपून ठेवत होते. आजींनी मला न विचारताच माझ्या हातात पोहे भरावेत तसे शेंगदाणे भरले. चौथ्या सत्राअखेर २४-२४ अशी बरोबरी होती. जादा वेळेत इलिनॉयने टचडाऊन केला, आणि आमच्या संघाला त्याची परतफेड करता आली नाही. ३१-२४. आजोबांनी अंतिम आकडा वहीत लिहिला, त्याखाली रेघ ओढली, वही खिशात ठेवली आणि ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. प्रथम मला वाटले की ते आपल्या मुलांसाठी वाजवत असतील, परंतु त्यांचे तोंड मैदानाबाहेर जाणाऱ्या इलिनॉयच्या खेळाडूंकडे होते. पाहुण्या संघाला टाळ्या देऊन निरोप देण्याची इथली जुनी रीत आहे, आणि असा सामना हातचा गेल्यानंतरही ती पाळणारी माणसे पाहून माझा ऊर भरून आला.

आपण सात वर्षांचा उल्लेख केलात, तो बरोबर आहे. २०१७ ते २०२३ या सातही हंगामांत जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त होते. २०२१ मध्ये तर बारांपैकी नऊ सामने गेले, आणि त्या नऊमधला एकही दहा गुणांच्या फरकाने गेला नाही. प्रत्येक वेळी विजय हातातोंडाशी येऊन निसटला. त्या वर्षी उरलेली तिकिटे देणगीदारांनी विकत घेऊन गरजू मुलांना वाटली आणि मालिका टिकवली. काही जणांना ही पळवाट वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या मुलांच्या आईवडिलांना तिकीट परवडले नसते त्यांना मैदान पाहायला मिळाले, यात कमीपणा कसला?

सारेच चांगले आहे असे मात्र मी लिहिणार नाही. २००३ साली फ्रँक सोलिच या प्रशिक्षकांना, हंगामात नऊ सामने जिंकल्यानंतर, काढून टाकण्यात आले, कारण नऊ विजय कमी वाटू लागले होते. विजयाची सवय लागली की निष्ठेत मागणी शिरते, आणि त्या निर्णयाची किंमत या राज्याने पुढची वीस वर्षे मोजली असे माझे मत आहे. पैशाचे प्रमाणही डोळे विस्फारावेत असे आहे. प्रशिक्षक मॅट रूल यांच्याशी २०२२ मध्ये झालेला आठ वर्षांचा करार ७ कोटी ४० लाख डॉलरचा होता. खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे घेण्याची मुभा मात्र थेट जुलै २०२१ मध्ये मिळाली. ती मिळायलाच हवी होती, कारण घाम त्यांचा होता. आता खेळाडू एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात सहज जातात, आणि 'आता कसली आली निष्ठा' असे पुष्कळ लोक म्हणतात. पण आपल्या तालमीही आफ्रिकेतून खेळाडू आणतात, तो खेळाडू पुढच्या वर्षी दुसऱ्या पेठेकडून खेळतो, म्हणून आपण पाटाकडील सोडून त्याच्या मागे गेलात का? इथल्या माणसांचेही तसेच आहे. खेळाडू येतात नि जातात, विद्यापीठ जागेवर असते.

तात्या, हे सारे पाहताना एक तारीख माझ्या मनातून जात नाही. इथली मालिका १९६२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, आणि त्याच महिन्याच्या १८ तारखेला डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते आपल्या शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. दोन्ही विद्यापीठे शेतकऱ्यांच्या मुलांची. 'कमवा आणि शिका' योजनेत आपण स्वतः सकाळी राबून दुपारी वर्गात बसलात, आपल्या पदवीने आपल्या घराची दिशा बदलली, आणि मी इथवर आले तीही त्याच विद्यापीठाची पदवी घेऊन. तरीही पेठेसाठी आणि तालमीसाठी जीव टाकणारे आपण कोल्हापूरकर पदवी हाती पडल्यावर विद्यापीठाकडे पुन्हा वळून पाहत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. त्यासाठी पंच्याऐंशी हजारांचे मैदान लागत नाही. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा यावे, आपल्या विभागात बसावे, एखाद्या मुलाची फी भरावी, आंतरविद्यापीठ सामन्याला शंभर माणसांनी जाऊन आपल्या मुलांच्या नावाने ओरडावे, एवढ्यानेही पुष्कळ होईल. आपल्या पिढीतील मंडळी रोज सकाळी रंकाळ्यावर भेटतात, त्यांच्यापुढे आपण हा विषय काढावा अशी माझी विनंती आहे. आपण काढला तर लोक ऐकतील. माझ्या तुकडीच्या मुलामुलींना मी आजच लिहिले आहे, आणि फीसाठी माझा वाटा मी डिसेंबरात पाठवणार आहे.

पुढच्या वर्षी आपण आणि काकूंनी इकडे यावे, असा माझा आग्रह आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा चांगली असते आणि संघाचे सामने शक्यतो शनिवारी असतात. तिकिटे मिळणे कठीण असले तरी त्या प्राध्यापकांनी दोन जागा देण्याचे कबूल केले आहे, फक्त त्यांना उन्हाळ्याच्या आत कळवावे लागेल. पासपोर्टचे नूतनीकरण तेवढे दिवाळीआधी करून घ्यावे. काकूंना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद.

आपली पुतणी